कोरडवाहू घरातलं ओलीत

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हा वाद कानावर पडतोच. एक जण म्हणतो, चौदा हजारांसाठी दिवसभर रजिस्टर काळं करण्यापेक्षा राजीनामा तोंडावर फेकावा अन् स्वतःचं काहीतरी टाकावं. दुसरा म्हणतो, लागलेली नोकरी सोडतो तो येडा. दिवस कसे आहेत ते तर पाह्य. पहिल्याच्या मोबाइलमध्ये शेळीपालनातून लखपती झालेल्यांचे व्हिडिओ असतात. दुसऱ्याकडे गल्लीतल्या एखाद्या पोराचं उदाहरण असतं, ज्यानं नोकरी सोडली आणि आता बापाचं वावर गहाण पडलं. दोघंही तावातावानं बोलतात, आणि दोघांचीही कसोटी एकच असते: काम कंटाळवाणं आहे की नाही. पगार कोणत्या तारखेला होतो, पीएफ खरंच भरला जातो का, घरी किती एकर आहे, त्यात विहीर आहे का, जूनमध्ये पेरणीला पैसा कुठून येतो, यातलं काही कोणी विचारत नाही. हे न विचारता नोकरी सोडावी की नाही हे ठरवणं म्हणजे माती न पाहता बियाण्याचं वाण ठरवण्यासारखं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कंटाळवाणी नोकरी वेगळी आणि कोरडी नोकरी वेगळी. वादाचा सगळा घोळ या दोन गोष्टी एका पोत्यात भरल्यामुळे झाला आहे. ज्या घराची शेती पावसावर आहे, त्या घरात ठरल्या तारखेला येणारा पगार हा ओलिताचा तुकडा असतो. कृषिपंपाची लाइन रात्री दोनला येते, उठून मोटार सुरू करायचा जीवघेणा कंटाळा येतो, म्हणून विहीर कोणी बुजवत नाही. काळ अनिश्चित असेल तर नुसत्या कंटाळ्यापायी अशी नोकरी सोडू नये. पण विहिरीला पाणीच नसेल, म्हणजे पगार सहा-सहा महिने अडकत असेल किंवा ‘पुढे होईल’ एवढ्याच बोलीवर काम चाललं असेल, तर ती नोकरी कितीही आवडीची असो, काळ कितीही वाईट असो, सोडावी. ‘दिवस खराब आहेत, टिकून राहा’ हा सल्ला पहिलीसाठी बरोबर आणि दुसरीसाठी घातक आहे.

कंटाळवाणं काम म्हणजे नेमकं कसं, ते एकदा जवळून पाहू. तालुक्याच्या खासगी गोदामातला आवक-जावक लिहिणारा कारकून घ्या. सोयाबीनची गाडी येते, भरलेली काट्यावर जाते, वजन. रिकामी होऊन परत काट्यावर, वजन. वजाबाकी. पोत्यात पारखी खुपसून नमुना काढायचा, मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचा, आकडा लिहायचा. थप्पी लागली की थप्पीचं कार्ड, पोत्यांची संख्या, तारीख, सही. दिवाळीच्या मागेपुढे दिवसाला चाळीस गाड्या; उन्हाळ्यात माशा मारत बसायचं, मधूनच धुरी द्यायची आणि थप्प्यांवर ताडपत्री ओढायची. दोन वर्षांनी माणसाला वाटतं, हे काम माकडही करेल. पण याच कारकुनाला एक गोष्ट ठाऊक असते, जी गावातल्या निम्म्या हौशी व्यापाऱ्यांना ठाऊक नसते: १४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १० टक्क्यांपर्यंत वाळला की साडेपंच्याण्णव किलोच उरतो. म्हणजे दिवाळीत ओलं सोयाबीन घेऊन ‘भाव वाढला की विकू’ म्हणणाऱ्याला भाव साडेचार टक्क्यांहून जास्त वाढेपर्यंत एक रुपयाही सुटत नाही. गोदामभाडं आणि व्याज वेगळंच. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते, हेही तो रोज पाहतो. शिकण्यासारखं काहीच नाही म्हणून जी नोकरी सोडायची, तिच्यात काय काय शिकायचं राहिलं आहे याची यादी आधी करावी. बहुतेकांनी ती केलेली नसते.

आता घरचा हिशेब. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मध्ये तुरीच्या ओळी. एकरी ३० किलो सोयाबीनचं बियाणं, बॅग तीन हजारांच्या आसपास धरू. डीएपी खताचं एक पोतं १,३५० रुपये. ट्रॅक्टरची पाळी, पेरणी आणि तणनाशक मिळून अडीच हजार. एकरी ६,८५०, चार एकरांचे २७,४००. हे सगळं जूनच्या पंधरा दिवसांत लागतं, आणि घरात तेव्हा दमडी नसते. पगार चौदा हजार असेल तर दोन पगारांत पेरणी निघते. नसेल तर? मागचं पीककर्ज थकीत असेल, तर बँक दारात उभी करत नाही. मग सवाईनं पैसे उचलायचे आणि दिवाळीला ३४,२५० फेडायचे. म्हणजे सव्वापट फेडताना एका अख्ख्या एकराच्या पेरणीचा खर्च दुसऱ्याच्या घरी गेला. दिढीनं घेतले तर दोन एकरांचा. पुढे फवारणी, डवरणी, सोंगणी, मळणी धरून एकरी खर्च साडेचौदा हजारांवर जातो. सहा क्विंटल पिकलं आणि ४,२०० भाव मिळाला तर एकरी दहा-अकरा हजार सुटतात. तीनच क्विंटल झालं तर दोन हजार घरातून जातात. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे हे खरं, पण खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तिथे, ओल्या मालाला तो कोणी देतं का? चांगल्या सालात चार एकरांतून चाळीस-पंचेचाळीस हजार, तेही एकदाच, कार्तिकात. नोकरीतून वर्षाला एक लाख अडुसष्ट हजार, दर महिन्याला. या दोन आकड्यांमधला फरक एका फेकलेल्या राजीनाम्यानं कसा भरून निघणार, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आणि काळ कसा आहे? २०२३ ला पिवळ्या मोझॅकनं विदर्भात उभं सोयाबीन वाळवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमकं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, फुटायच्या हंगामात. शेतकऱ्याच्या हातात यातलं काहीही नव्हतं. अशा वेळी घरातली जी एक गोष्ट पावसावर आणि दिल्लीवर अवलंबून नाही, ती कंटाळा आला म्हणून काढून टाकायची?

समोरच्या बाजूचं सगळ्यात जोरकस म्हणणं मात्र ‘कंटाळा येतो’ हे नाहीच. कंटाळा माणसाला कुजवतो, हे आहे. पंचविशीतला पोरगा तीच वजाबाकी करत पस्तिशीला येतो; हातातलं कसब गंजतं, स्पर्धा परीक्षेचं वय निघून जातं, आणि मग तो नोकरीत राहतो ते तिच्यात काही आहे म्हणून नाही, दुसरं काही येत नाही म्हणून. हे खरं आहे, आणि याला ‘पगार तर मिळतो ना’ हे उत्तर होत नाही. माणूस म्हणजे पगार जमा व्हायचं खातं नव्हे. पण यावर उपाय काय, हा प्रश्न उरतोच. कंटाळवाणं ते टाकून चमकदार ते धरलं की कुजणं थांबतं का? या मुलखानं हा प्रयोग दोनदा करून पाहिला आहे, माणसांवर नाही, पिकांवर.

ज्वारीइतकं कंटाळवाणं पीक दुसरं नाही. तिची बातमी होत नाही, तिचा भाव टीव्हीवर येत नाही. भाकरी देते, कडबा देते, संपलं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपताच भाव कोसळले, मुंबईत शेअरवाले बुडाले. पण वऱ्हाडात पांढऱ्या सोन्याची चटक राहिली. रेल्वे खामगाव-अमरावतीपर्यंत आली, पेरा वाढत गेला. मग १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. दुष्काळ नुसत्या कापसामुळे पडला असं म्हणणं अडाणीपणाचं होईल, पाऊसच नव्हता. पण ज्याच्या घरात ज्वारीचं पेव होतं आणि ज्याच्या घरात फक्त कापसाचे संपलेले पैसे होते, त्या दोघांना तो दुष्काळ सारखाच गेला नसणार. दुसऱ्यांदा हेच गेल्या तीन दशकांत सोयाबीननं झालं. ज्वारी सोडण्याची कारणं खोटी नव्हती: रानडुकरं, पाखरं, सोंगायला मजूर मिळत नाही, भाव नाही. तरी ज्वारी गेली तशी कडब्याची गंजी गेली, गंजी गेली तशी गाय-बैल गेले, शेणखत गेलं, आणि आज वावर असलेला माणूस किराणा दुकानातून, कित्येकदा गव्हाहून महाग, ज्वारी विकत आणतो. सोयाबीन पेरूच नये असं मी म्हणत नाही. पैसा त्यानंच दिला. पण ज्यानं धुऱ्याकडच्या दोन एकरांत ज्वारी ठेवली, त्याला सोयाबीनचं एखादं साल गेलं तरी सोसलं. कंटाळवाणं ते पूर्ण काढून टाकणारा अडचणीत आला, थोडं राखून ठेवणारा तरला.

म्हणून कुजण्यावरचा उपाय राजीनाम्यात कमी आणि आठवड्याच्या सुट्टीत जास्त आहे. त्याच गोदामात ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, कोण काढतं, जीएसटीचं विवरणपत्र कोण भरतं, धुरीच्या गोळ्यांचं प्रमाण कोण ठरवतं, बँकेला तारणाचे कागद कोण नेऊन देतं? वर्षभरात यातली दोन कामं शिकून घेतली की तोच माणूस दुसऱ्या गोदामात चार-पाच हजार जास्त मागू शकतो. कामाचं नाव तेच राहतं, बाजारातली किंमत बदलते. हे सांगायला रुक्ष आहे, याचा व्हिडिओ होणार नाही, मान्य.

दुसरा आक्षेप असा: पक्की नोकरी आता राहिलीच कुठे? टिकून राहायचं तरी कशाला? यात बरंच तथ्य आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली; कामगारांच्या पेन्शनची व्यवस्था तिथे १८८६ सालीच झाली, तेव्हा गिरणी कामगारासाठी ही गोष्ट नवलाचीच होती. पोरगा गिरणीत लागला म्हणजे घराचं भलं झालं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. १९८६ मध्ये गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. सव्वाशे वर्षांची संस्था. सरकारी नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला. त्याच वर्षी कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारलाच तो मागे घ्यावा लागला. तेव्हा ‘पक्की’ हा शब्द सोडूनच द्यावा.

पण नोकरी पक्की नाही, एवढ्यावरून ती सोडावी हे सिद्ध होत नाही. आयुष्यही पक्कं नाही. मुद्दा हा की नोकरी गेली तर हातात काय उरतं. सोडलेल्या आणि गेलेल्या नोकरीत कायद्यानं फरक केला आहे, आणि तो आपल्याकडच्या पोरांना माहीत नसतो. सलग वर्षभर, म्हणजे किमान २४० दिवस, काम केलेल्या कामगाराला मालकानं काम नाही म्हणून कमी केलं, तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. स्वतः राजीनामा लिहून दिला की हे सगळं सुटलं. म्हणूनच मंदीच्या काळात मालक कामगारांना बोलावून ‘तूच राजीनामा दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो’ असं गोडीनं सांगतात. त्या दिवशी कंटाळलेला माणूस सगळ्यात आधी सही करतो. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानं बुडत नाही, पण वर्षं पुरी व्हावी लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून बारा हजार असेल, तर १२,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ६,९२३ रुपये. पाच वर्षांचे ३४,६१५. कायम कामगारासाठी अट पाच वर्षं सलग सेवेची आहे. चार वर्षं दोन महिन्यांनी चिडून निघून जाणारे कमी नाहीत, आणि त्यांच्यापैकी कितींनी हा हिशेब केलेला असतो?

पीएफचं तर आणखी. बारा हजारांवर १,४४० तुमचे कापले जातात, तेवढेच मालकाचे. मालकाच्या रकमेतले साधारण हजार रुपये पेन्शन योजनेत आणि उरलेले ४४० तुमच्या पीएफ खात्यात. पेन्शनला दहा वर्षं लागतात. ती पेन्शन फार मोठी नसते, किमान हजार रुपये महिना; तिच्यावर म्हातारपण काढता येईल असं सांगणारा खोटं बोलतो. पण त्याच खात्याला जोडलेला एक विमा आहे, ज्याचा हप्ता मालक भरतो: सलग वर्षभर नोकरी झालेला माणूस नोकरीत असताना गेला तर वारसाला अडीच ते सात लाखांपर्यंत मिळतात. वीज पडणं, साप चावणं, रात्रीच्या दुचाकीला आडवं येणारं रानडुक्कर ही जिथे रोजची गोष्ट आहे, तिथे हे छोटं नाही. फक्त पीएफच्या पोर्टलवर वारसाचं नाव नीट भरलेलं असावं. लग्न झाल्यावर ते बदलायचं राहून जातं आणि मग बायको आणि आई दोघी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

आता कोरड्या नोकरीकडे येऊ, कारण टिकून राहा म्हणणारे इथे चुकतात. आपल्या भागातली तिची सगळ्यात ठळक जात म्हणजे विनाअनुदानित शाळा. संस्थेला ‘डोनेशन’ देऊन लागायचं, बिनपगारी किंवा तीन-चार हजारांवर शिकवायचं, आणि अनुदानाची वाट पाहायची. २००९ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द सरकारनं काढून टाकला, पुढे वीस टक्के, चाळीस टक्के असे टप्पे आले, काहींचं खरंच झालं. त्या काहींकडे बोट दाखवून बाकीचे चाळिशी गाठतात. शिकवणं त्यांना कंटाळवाणं वाटत नाही. उलट आवडतं, म्हणून तर अडकतात. ही कोरड्या बोअरची गोष्ट आहे. तीनशे फूट गेलं, पाणी नाही; आता सोडलं तर आतापर्यंतचे पैसे वाया, म्हणून आणखी पन्नास. गाडीवाला फुटानं पैसे घेतो, त्याला काय. अशा ठिकाणी आशेपेक्षा कागद पाहावा: शाळा अनुदानास पात्र यादीत आहे का, पद संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं मंजूर केलेल्या पदांत, आहे का, तुमच्या नावानं वैयक्तिक मान्यता निघाली का, शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक, आहे का. आणि आयडी आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नये. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं, ते सगळ्यांनी वाचलंच आहे. यातलं काहीच नसेल आणि संस्थाचालक दर जूनला ‘यंदा नक्की’ म्हणत असतील, तर गोदामातली वजाबाकी त्याहून बरी. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढणाऱ्या नेट-सेट झालेल्या प्राध्यापकांनाही हेच लागू आहे, फक्त त्यांना सांगायची कोणाची हिंमत होत नाही.

आपली नोकरी कोणत्या जातीची, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं पासबुक उघडा आणि पगाराच्या तारखांवर पेन्सिलनं खूण करा. दोन-चार दिवस मागेपुढे ठीक. दर महिन्याला तारीख सरकत असेल, तर विहिरीची पातळी खाली चालली आहे. मग पीएफचं पासबुक. मालकानं मागच्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारपत्रकात कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, असं सलग तीन महिने झालं, तर कामाचा कंटाळा येवो न येवो, दुसरं काम शोधायला लागा. जिथे पगार बुडत नाही पण अपमान, छळ किंवा जिवाला धोका आहे, तिथे हे सगळे हिशेब बाजूला ठेवून बाहेर पडावं. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला जाणाऱ्यांबद्दल थोडंच लिहितो, कारण आकडा पुरेसा बोलतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका जागेला दोनशेहून जास्त. खुल्या प्रवर्गाची फी हजार रुपये होती. परीक्षा देऊ नये असं नाही. पण पगार बंद करून, अमरावती-नागपूरला खोली, मेस आणि अभ्यासिकेचं भाडं बापाच्या तुरीवर टाकून दोनशेत एकाची आशा धरायची, आणि तीही भरती कधी निघेल हे ठाऊक नसताना? पहाटे दोन तास आणि रविवार, अशी तयारी करूनही पूर्वपरीक्षा निघत नसेल, तर नोकरी सोडल्यानं ती निघेल असं मानायला आधार काय?

धंद्यासाठी सोडणाऱ्यांचं म्हणणं जास्त वजनाचं आहे. जोखीम घेतल्याशिवाय या भागात काही उभं राहणार नाही, हे खरंच. वरुड-शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या कलमा काही कारकुनांनी उभ्या केल्या नाहीत. मंदीत जुनी यंत्रं स्वस्त मिळतात, तेव्हाच शिरावं, हाही मुद्दा बिनतोड आहे. अडचण जोखमीत नाही, तारखेत आहे. मिनी दालमिलचं पाहा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही मॉडेल कित्येकांनी बसवलं. आता जो माणूस उत्साहात जूनमध्ये राजीनामा देतो, त्याला तूर दिसते जानेवारीत. मधले सात महिने हप्ता चालू. थ्री-फेज कनेक्शनसाठी अर्ज करायचा, डिमांड नोट भरायची, मग खांबाची वाट पाहायची. तूर आली की खेळतं भांडवल लागतं. सात हजारांनी नुसती पन्नास क्विंटल घेतली तरी साडेतीन लाख. तुरीला तेल-पाणी लावून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावं लागतं. फेब्रुवारी-मार्चात ढग आले की साल सुटत नाही आणि डाळ फुटते. साल काढणारा एमरीचा खरखरीत रोल झिजला की चुरा वाढतो. क्विंटलमागे सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघाली तर जमलं. उतारा साठवर आला की चुणी, म्हणजे उरलेला भुसा-चुरा, विकून भागत नाही. आणि अनुदान? सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख मिळतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ते हातात रोख मिळत नाहीत, बँकेच्या कर्जाला जोडलेले असतात, वेगळ्या खात्यात ठेवले जातात आणि खातं तीन वर्षं नीट चाललं तरच कर्जात वळते होतात, हे मात्र पहिला हप्ता चुकल्यावर कळतं. हाच माणूस नोव्हेंबरपर्यंत नोकरीत राहिला, कनेक्शनचा अर्ज जूनमध्ये टाकला, आदल्या उन्हाळ्यात रविवारी दुसऱ्याच्या मिलवर उभं राहून दहा पोती तूर स्वतःची फोडून आणि विकून पाहिली, आणि मग सोडलं, तर तीच जोखीम अर्ध्यावर येते. नोकरीचे शेवटचे सहा पगार हेच त्याचं सगळ्यात स्वस्त भांडवल, बिनव्याजी.

नोकरी धरली की शेतीकडे दुर्लक्ष होतं, असंही म्हणतात. होतं. सोयाबीन पिकल्यावर आठ-दहा दिवस वावरात राहिलं की शेंगा तडकतात, आणि तेवढ्यात साहेब सुट्टी नाकारतो. त्यासाठी वर्षभराच्या सुट्ट्या लग्नं-बारशांत न उडवता पेरणी आणि सोंगणीसाठी राखाव्या लागतात; वर्षाला दहा दिवसांचा प्रश्न आहे. उरलेले साडेतीनशे दिवस धुऱ्यावर बसून राहिल्यानं चार एकरांचं उत्पन्न दुप्पट होत नाही. या वादात एक मजाही आहे. मुलीवाले नोकरी आहे का एवढंच विचारतात, पगाराची स्लिप कोणी मागत नाही. म्हणून ‘कंपनीत आहे’ या दोन शब्दांवर सोयरीक जमते. आणि सगळ्यात सहज ‘सोडून दे’ म्हटलं जातं ते सुनेला. ती मेडिकलमध्ये आठ हजारांवर काउंटरला बसते, काम कंटाळवाणं, वर स्वयंपाक आहेच. मग घरचे म्हणतात, काय ठेवलंय त्यात. आठ हजारांचे बारा महिन्यांचे शहाण्णव हजार होतात. चार एकरांतून चांगल्या सालात सुटतात त्याच्या दुप्पट.

सोडायचंच ठरलं, तर आपल्याकडचा जुना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी, जास्त शहाणा होता. त्याचं साल पाडव्याला सुरू व्हायचं, पाडव्याला संपायचं. त्या पद्धतीचं कौतुक करण्यासारखं फार नाही. उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, अडकलेला सालदार पिढी-पिढी एकाच वाड्याला बांधलेला असायचा. पण जो मोकळा होता, तो वखरणीच्या ऐन घाईत भांडून निघत नसे. मनात गाठ मारून पाडव्यापर्यंत थांबायचा, उचल फेडायचा, आणि दुसऱ्या वाड्यावरचं बोलणं आधीच करून ठेवायचा. आजच्या हिशेबात याचा अर्थ असा की तूर विकून झाल्यावर, पीककर्जाचं नवंजुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, उरकल्यावर सोडावं, मे-जूनमध्ये नाही. हातात सहा महिन्यांचा घरखर्च आणि एका पेरणीचा पैसा असावा: महिन्याला नऊ हजार धरले तर चौपन्न, अधिक सत्तावीस, एक्याऐंशी हजार. महिन्याला अडीच हजार बाजूला टाकले तर हे जमायला पावणेतीन वर्षं लागतात. ऐकून जीव जातो, पण तुरीचे पैसे त्यात पडले तर दीडेक वर्षात होतं.

राजीनामा लेखी द्यावा, नोटिशीचे दिवस पुरे करावेत, स्वीकारल्याचं पत्र आणि अनुभवाचा दाखला हातात घ्यावा. मालकानं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली का, ते दोन महिन्यांनी पाहावं. ती नसली की पैसे अडकतात. रक्कम काढून दुचाकी घेऊ नये, नव्या खात्यात वळवावी. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढली तर ती करपात्रही होते. दहा वर्षं झाली नसतील, तर पेन्शनचे पैसे उचलण्यापेक्षा सेवेचं प्रमाणपत्र घेतलेलं बरं, पुढच्या नोकरीत ती वर्षं मोजली जातात. आणि गोदामातला असेल, तर शेवटच्या दिवशी थप्प्या मोजून द्याव्यात, कार्डावर सही घ्यावी, किल्ल्या आणि शिक्क्यांची पोच मागावी. पुढच्या जानेवारीत आपली तूर तारण ठेवायला त्याच काट्यावर गाडी घेऊन यायचं आहे.